विश्लेषण : अर्ध्या सेकंदाच्या विलंबातून चोरदरवाजा कसा सापडला? मुक्त सॉफ्टवेअरमधील बिघाड नोंदवतात आणि दुरुस्त करतात कसे?

दूरच्या संगणकावर लॉग-इन होण्यासाठी ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागू लागले, तर बहुतेकांच्या ते लक्षातही येणार नाही. मार्च २०२४ मध्ये ते एका अभियंत्याच्या लक्षात आले. त्याने कारण शोधले, पुरावे जमवले आणि रीतसर तक्रार नोंदवली. त्यामुळे जगभरातील सर्व्हरवर पोहोचण्याच्या बेतात असलेला एक चोरदरवाजा वेळीच बंद झाला. पण हा चोरदरवाजा ज्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला, तेथे त्याची वाटही तक्रारींनीच तयार केली होती. त्या तक्रारी बनावट नावांनी, एका थकलेल्या देखभालकर्त्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या होत्या. म्हणूनच 'एक्सझेड युटिल्स' प्रकरण हे मुक्त सॉफ्टवेअरमधील बिघाड कसा नोंदवावा, कोणाकडे नोंदवावा आणि तो दुरुस्त करणाऱ्याशी कसे वागावे, याचा वस्तुपाठ ठरते.

प्रकरण नेमके काय आहे?

'एक्सझेड युटिल्स' हे फाइलचा आकार लहान करणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणजे त्याचा सोर्स कोड कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो, त्यात सुधारणा सुचवू शकतो. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची ५.६.० ही आवृत्ती आणि ९ मार्च रोजी ५.६.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोन्ही आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, दडवलेला होता. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्याला बाधित सर्व्हरवर पासवर्डशिवाय हवी ती आज्ञा चालवता आली असती. २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, हा प्रकार जाहीर झाला. त्याला 'सीव्हीई-२०२४-३०९४' हा क्रमांक मिळाला आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण देण्यात आले. यापेक्षा अधिक गंभीर श्रेणी या मोजपट्टीत नाही.

हे पॅकेज इतके महत्त्वाचे का?

एक्सझेडचे नाव सामान्य वापरकर्त्याने ऐकलेले असण्याची शक्यता कमी. मात्र लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात ते असते. सॉफ्टवेअरची पॅकेजेस, लिनक्सचा गाभा असलेले कर्नल, बॅकअप अशा अनेक गोष्टी लहान करून साठवण्यासाठी ते वापरले जाते. त्याचा मुख्य भाग म्हणजे 'लिबएलझेडएमए' ही लायब्ररी. इतर अनेक प्रोग्राम ही लायब्ररी आपल्या कामासाठी उसनी घेतात.

धोका नेमका याच उसनवारीत होता. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी जगभर 'ओपनएसएसएच' वापरले जाते. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची काहीही गरज नाही. परंतु डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी त्याला 'सिस्टिमडी' या यंत्रणेशी जोडण्यासाठी त्यात एक छोटी भर घातली होती. सिस्टिमडीची लायब्ररी पुढे लिबएलझेडएमएवर अवलंबून होती. अशा रीतीने फाइल लहान करणारे एक निरुपद्रवी सॉफ्टवेअर सर्व्हरच्या मुख्य दरवाजाच्या कुलपापर्यंत पोहोचले होते. हल्लेखोराने हीच साखळी हेरली.

बिघाड लक्षात कसा आला?

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंता. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या प्रमुख विकासकांपैकी ते एक. ते सुरक्षातज्ज्ञ म्हणून काही शोधत नव्हते. डेबियनच्या 'अनस्टेबल' आवृत्तीवर ते पोस्टग्रेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. अशा चाचण्यांसाठी संगणक शक्य तितका शांत, म्हणजे इतर कामांपासून मोकळा, असावा लागतो. तेव्हा एसएसएचच्या प्रक्रिया प्रोसेसरचा अनपेक्षितपणे जास्त वापर करीत असल्याचे त्यांना दिसले. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही सर्व्हरवर अनोळखी लोक चुकीची नावे टाकून आत शिरण्याचा प्रयत्न करीतच असतात. असे प्रयत्न तत्काळ फेटाळले जातात, त्यात प्रोसेसरचा वेळ खर्च होण्याचे कारण नाही. येथे मात्र तो होत होता.

फ्रॉइंड यांनी वेळ मोजला. आधी सुमारे ०.३ सेकंदांत होणारे काम आता सुमारे ०.८ सेकंद घेत होते. हा वेळ कुठे जातो, हे तपासल्यावर बोट लिबएलझेडएमएकडे गेले. त्यातही कोणत्या फंक्शनमध्ये वेळ जातो, हे तपासणीचे साधन सांगू शकत नव्हते. तेव्हा त्यांना काही आठवड्यांपूर्वीची एक गोष्ट आठवली. पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये 'व्हॅलग्राइंड' या मेमरीतील चुका शोधणाऱ्या साधनाने एक विचित्र इशारा दिला होता. तो पॅकेजेस अद्ययावत केल्यानंतर दिसू लागला होता. दोन वेगवेगळ्या वेळी दिसलेल्या, वरकरणी क्षुल्लक खुणा त्यांनी एकत्र जोडल्या आणि त्यातून पुढचा उलगडा झाला.

चोरदरवाजा दडवला कसा होता?

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सर्वांसमोर असतो, मग असा प्रकार लपतो कसा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. हल्लेखोराने त्यासाठी दोन जागा निवडल्या. पहिली जागा चाचणीच्या फाइल्सची. फाइल उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला बिघडलेली फाइल दिली तर ते कसे वागते, हे तपासावे लागते. त्यासाठी प्रकल्पात मुद्दाम बिघडवलेल्या नमुना फाइल्स ठेवलेल्या असतात. त्या मजकुराच्या स्वरूपात नसतात, त्यामुळे कोणी त्या उघडून वाचत नाही. हल्लेखोराचा कोड अशाच दोन नमुना फाइल्समध्ये भरलेला होता.

दुसरी जागा 'टारबॉल'ची. नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना सर्व फाइल्सचा एक गठ्ठा तयार केला जातो, त्याला टारबॉल म्हणतात. अनेक वितरणे सार्वजनिक भांडारातून थेट कोड न घेता हा गठ्ठा घेतात. चाचणीच्या फाइल्समधला कोड बाहेर काढून लायब्ररीत मिसळणारी कळ फक्त या गठ्ठ्यात होती, सार्वजनिक भांडारात ती नव्हती. म्हणजे भांडारातील कोड ओळ न् ओळ वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. शिवाय ही कळ सरसकट चालत नव्हती. संगणक ६४ बिट इंटेल-एएमडी जातीचा आहे का, लिनक्स आहे का, पॅकेज डेबियन किंवा आरपीएम पद्धतीने बांधले जात आहे का, हे ती आधी तपासत असे. एरवी ती गप्प राहायची.

'जिया टॅन' आत शिरला कसा?

एक्सझेडची देखभाल फिनलंडचे लासे कोलिन अनेक वर्षे जवळपास एकट्याने करीत होते. हे त्यांचे वेतनाचे काम नव्हते, फावल्या वेळातला छंद होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने प्रकल्पात पहिली छोटी सुधारणा आली. ती निरुपद्रवी होती. त्यानंतर अशा आणखी सुधारणा येत राहिल्या.

एप्रिल २०२२ पासून प्रकल्पाच्या ई-मेल यादीवर वेगळाच सूर उमटू लागला. 'जिगर कुमार' हे भारतीय वाटणारे नाव आणि 'डेनिस एन्स' हे पाश्चात्त्य वाटणारे नाव धारण करणाऱ्या खात्यांनी तक्रारी सुरू केल्या. सुधारणा वेळेवर स्वीकारल्या जात नाहीत, नव्या आवृत्त्या येत नाहीत, आता नवा देखभालकर्ता हवा, असा त्यांचा आशय होता. या नावांचा त्याआधी किंवा नंतर इतरत्र फारसा मागमूस सापडत नाही. त्यामुळे ती दबावासाठीच तयार केलेली बनावट खाती असावीत, असे अभ्यासक मानतात.

जून २०२२ मध्ये कोलिन यांनी दिलेले उत्तर आजही वाचता येते. आपला रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे पूर्वीइतके लक्ष देता येत नाही, असे त्यांनी लिहिले. हा विनावेतन छंदाचा प्रकल्प आहे, याची आठवणही त्यांनी करून दिली. जिया टॅनला पुढे मोठी भूमिका देता येईल, असे त्यांनी त्याच सुमारास सूचित केले. यातील कोणतीही गोष्ट निष्काळजीपणाची म्हणता येणार नाही. हाताशी आलेला, वर्षभर मनापासून काम करताना दिसणारा माणूस कोणत्याही देखभालकर्त्याला हवासाच वाटेल.

२०२३ मध्ये जिया टॅनला कोड थेट भांडारात टाकण्याचा आणि नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळालेला होता. गुगलची 'ओएसएस-फझ' ही सेवा मुक्त सॉफ्टवेअरमधील चुका आपोआप शोधून प्रकल्पाला कळवते. एक्सझेडसाठी तिचा मुख्य संपर्क पत्ताही त्याच वर्षी बदलून जिया टॅनचा झाला. म्हणजे धोक्याची घंटा वाजली, तर ती आता त्याच्याच घरी वाजणार होती.

५.६.० आवृत्तीनंतर व्हॅलग्राइंडचे इशारे इतरांनाही दिसले आणि त्यांनी ते कळवलेही. त्यावर जिया टॅनने तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगी उत्तरे दिली आणि ५.६.१ मध्ये 'दुरुस्ती' केली. प्रत्यक्षात ती दुरुस्ती चोरदरवाजाचा आवाज बंद करण्यासाठी होती. वितरणांनी नवी आवृत्ती लवकर घ्यावी, यासाठीही पाठपुरावा झाला. 'हान्स यान्सेन' नावाच्या खात्याने २५ मार्च रोजी डेबियनकडे तशी रीतसर विनंती नोंदवली.

तक्रार कुठे आणि कशी नोंदवली गेली?

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात नदीची उपमा रूढ आहे. मूळ प्रकल्प हा उगम, डेबियन किंवा फेडोरासारखी वितरणे हा खालचा प्रवाह आणि वापरकर्ता आणखी खाली. बिघाड वितरणाने घातलेल्या भरीमुळे असेल, तर वितरणाकडे कळवायचे. मूळ कोडमध्ये असेल, तर उगमाकडे. सुरक्षेशी संबंधित बिघाड असेल, तर तो आधी खासगीत कळवायचा, म्हणजे दुरुस्ती तयार होण्यापूर्वी हल्लेखोरांच्या हाती माहिती पडत नाही.

फ्रॉइंड यांच्यासमोर अडचण अशी होती, की येथे उगमच दूषित होता. मूळ प्रकल्पाकडे तक्रार केली असती, तर ती थेट संशयिताच्या हाती गेली असती. सुरुवातीला त्यांना हा प्रकार डेबियनपुरता वाटला, म्हणून त्यांनी डेबियनच्या सुरक्षा पथकाला प्राथमिक माहिती दिली. व्याप्ती लक्षात आल्यावर विविध वितरणांच्या सुरक्षा पथकांच्या सामायिक खासगी यादीवर त्यांनी ती पाठवली. या यादीचा नियम असा, की माहिती जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवता येते, त्यानंतर ती जाहीर करावीच लागते. या प्रकरणात तेवढा काळ थांबणे शक्यच नव्हते. २९ मार्च रोजी 'ओएसएस-सिक्युरिटी' या सार्वजनिक यादीवर त्यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

तो अहवाल कसा लिहिला होता, हेही पाहण्यासारखे आहे. काय दिसले, कोणत्या आवृत्त्यांत दिसले, कोणत्या परिस्थितीत दिसते आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही, आधीचा आणि नंतरचा वेळ किती, हे त्यात क्रमाने दिले होते. आपला संगणक बाधित आहे का, हे तपासण्यासाठी छोटी स्क्रिप्टही जोडली होती. ज्या गोष्टींची खात्री नाही, तेथे खात्री नाही असे स्पष्ट म्हटले होते. आपण सुरक्षा संशोधक नाही, हेही त्यांनी नमूद केले होते. त्यामुळे जगभरातील तज्ज्ञांना काही तासांतच स्वतः पडताळणी करून पुढचे विश्लेषण हाती घेता आले.

दुरुस्ती कशी झाली?

पहिले काम दूषित आवृत्ती मागे घेण्याचे होते. त्यातही एक गंमतशीर अडचण असते. संगणकाची पॅकेज यंत्रणा नेहमी मोठ्या क्रमांकाकडे जाते, लहान क्रमांकाकडे आपणहून परत येत नाही. ५.६.१ वरून ५.४.५ वर आणायचे कसे? डेबियनने जुनाच सुरक्षित कोड '५.६.१+रिअली५.४.५' अशा नावाने प्रसिद्ध केला. यंत्रणेला तो पुढचा क्रमांक वाटला आणि लाखो संगणकांना स्वतंत्रपणे सांगत बसण्याची गरज उरली नाही.

रेड हॅटने फेडोराची विकासाधीन 'रॉहाइड' आवृत्ती तातडीने थांबवण्यास सांगितले. ओपनसुसेची 'टम्बलवीड' आणि काली लिनक्स यांनीही आवृत्ती मागे घेतली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा जारी केला. डेबियनने पॅकेज बांधणारी आपली यंत्रेच थांबवून ती नव्याने उभी केली. उबंटूने २४.०४ आवृत्तीची बीटा एक आठवडा पुढे ढकलून त्या काळातील पॅकेजेस पुन्हा बांधली, कारण दूषित लायब्ररी असलेल्या वातावरणात बांधलेल्या कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवणे शक्य नव्हते. डेबियन स्टेबल, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्ससारख्या, सर्व्हरवर प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत मात्र एक्सझेड ५.६ पोहोचलेच नव्हते. आणखी काही महिने गेले असते, तर ते तेथेही पोहोचले असते.

गिटहबने एक्सझेडचे भांडार बंद केले. त्या गडबडीत कोलिन यांचे खातेही काही काळ गोठवले गेले, नंतर ते परत मिळाले. पुढचे किचकट काम त्यांच्याच वाट्याला आले. जिया टॅनने सुमारे अडीच वर्षांत केलेला प्रत्येक बदल पुन्हा तपासायचा होता. त्यात आणखी एक गोष्ट सापडली. सुरक्षेची एक सोय उपलब्ध आहे का, हे तपासणाऱ्या कोडमध्ये एक सुटा टिंब टाकलेला होता. त्यामुळे ती चाचणी नेहमी नापास होऊन सुरक्षाच बंद राहत असे. अखेर २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती प्रसिद्ध झाली. जिया टॅन हे नाव कोणाचे, हे जाहीरपणे सिद्ध झालेले नाही. इतकी वर्षे दाखवलेला संयम पाहता, त्यामागे एखाद्या देशाचे पाठबळ असावे, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे.

साध्या बिघाडाची तक्रार कशी करावी?

प्रत्येक बिघाड चोरदरवाजा नसतो. बहुतेक बिघाड साधे असतात आणि ते नोंदवण्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नसते. समजा, लिब्रेऑफिसमध्ये मराठी मजकूर लिहिताना 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ्या' नीट उमटत नाही. ही चूक कॅलिफोर्नियात किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या विकासकाच्या लक्षात येणार नाही. मराठी लिहिणाऱ्यालाच ती दिसेल आणि त्यानेच ती कळवायला हवी.

केवळ 'मराठी नीट दिसत नाही' एवढे लिहून भागत नाही. चूक फाँटमध्ये असू शकते, अक्षरांची जोडणी करणाऱ्या 'हार्फबझ' या लायब्ररीत असू शकते किंवा लिब्रेऑफिसमध्येच असू शकते. तोच शब्द दुसऱ्या फाँटमध्ये नीट दिसला, तर संशय पहिल्या फाँटवर जातो. तोच फाँट ब्राउझरमध्ये नीट दिसला, तर संशय लिब्रेऑफिसवर येतो. अशा दोन-तीन चाचण्यांनी अर्धे निदान होते आणि तक्रार योग्य दारी पोहोचते.

पुढची पायरी म्हणजे हीच तक्रार आधी कोणी केली आहे का, हे शोधणे. असल्यास नवी नोंद न करता तिथेच आपली माहिती जोडावी. नसल्यास नव्या नोंदीत सॉफ्टवेअरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी आवृत्ती, आपण काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे लिहावे. चित्र जोडावे आणि बिघाड दाखवणारी शक्य तितकी छोटी फाइल द्यावी. शंभर पानी प्रबंध जोडण्याऐवजी तो एक शब्द असलेली फाइल दिली, तर विकासकाचा तास वाचतो. आधीच्या आवृत्तीत हे नीट चालत होते का, ही माहिती सर्वांत मोलाची. ती मिळाली, तर दोन आवृत्त्यांमधले बदल निम्मे-निम्मे करीत तपासून नेमका बिघडवणारा बदल काढता येतो.

एका नोंदीत एकच बिघाड मांडावा. सुरक्षेचा प्रश्न असेल, तर सार्वजनिक नोंद टाळून प्रकल्पाने दिलेला सुरक्षेचा खासगी पत्ता वापरावा. उत्तराची वाट पाहावी आणि विकासकाने विचारलेल्या प्रश्नांना परत उत्तर द्यावे. अनेक नोंदी केवळ तक्रारदार पुन्हा फिरकला नाही म्हणून बंद होतात.

यापूर्वी असे घडले होते का?

बिघाडांची कारणे वेगवेगळी असली, तरी मूळ दुखणे जुनेच आहे. २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या लायब्ररीत 'हार्टब्लीड' ही त्रुटी सापडली. इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग ज्या लायब्ररीवर अवलंबून होता, तिला तोपर्यंत देणग्यांतून वर्षाला जेमतेम २ हजार डॉलर मिळत होते. मार्च २०१६ मध्ये एका विकासकाने वादानंतर 'लेफ्टपॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज काढून घेतले आणि त्यावर अवलंबून असलेले हजारो प्रकल्प काही तास कोलमडले. २०२१ मध्ये 'लॉगफोरजे'मधील त्रुटी अलीबाबा क्लाऊडच्या सुरक्षा पथकाने २४ नोव्हेंबर रोजी खासगीत कळवली होती. दुरुस्ती पूर्णपणे पोहोचण्याआधीच, ९ डिसेंबरला, ती जगजाहीर झाली. त्यानंतर स्वयंसेवकांनी लागोपाठ अनेक दुरुस्त आवृत्त्या काढल्या, कारण पहिली दुरुस्ती अपुरी ठरली होती.

भारताच्या दृष्टीने याचे महत्त्व काय?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या प्रणालींमध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनच्या पायावर उभी आहे. म्हणजे उगमाकडे झालेला बिघाड किंवा दुरुस्ती, दोन्ही आज ना उद्या येथवर येतात. सुरक्षा त्रुटी कळवण्यासाठी देशात 'सर्ट-इन' ही यंत्रणा आहे. २०२१ पासून तिला सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही आहे.

निधीच्या बाबतीतही काही हालचाल दिसते. जर्मनीने २०२२ मध्ये 'सॉव्हरिन टेक फंड' सुरू करून पायाभूत मुक्त सॉफ्टवेअरला सरकारी पैसा दिला. भारतात 'झिरोधा'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मात्र मुक्त सॉफ्टवेअरवर व्यवसाय उभारणाऱ्या कंपन्यांची संख्या पाहता हे प्रयत्न अजून अपुरेच आहेत.

धडा काय?

एक्सझेड प्रकरणातून मुक्त सॉफ्टवेअर असुरक्षित असते, असा निष्कर्ष काढला जातो. त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. कोड बंद असता, तर फ्रॉइंड यांना अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा माग तिसऱ्याच प्रकल्पाच्या लायब्ररीपर्यंत काढता आला असता का? उघडेपणामुळे हल्लेखोर आत शिरू शकला आणि उघडेपणामुळेच तो सापडला. पण सापडणे हे एका माणसाच्या चिकाटीवर आणि काहीशा योगायोगावर अवलंबून होते. यंत्रणा म्हणून ही दिलासादायक बाब नाही.

तक्रारींबाबतचा धडा त्याहून सोपा आहे. २०२२ मधील बनावट तक्रारींमध्ये बिघाडाची माहिती नव्हती, फक्त घाई आणि दोषारोप होते. २०२४ मधील अहवालात मोजमाप, पुरावा आणि पडताळणीचा मार्ग होता. पहिल्या प्रकारच्या तक्रारी खऱ्या वापरकर्त्यांकडूनही रोज असंख्य प्रकल्पांवर येत असतात, म्हणूनच कोलिन यांना त्या वेगळ्या वाटल्या नाहीत. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या देखभालकर्त्याला धारेवर धरण्याची सवय नसती, तर त्या गर्दीत बनावट आवाज लपू शकले नसते. कोलिन यांनी त्या प्रकरणानंतरही एक्सझेडची देखभाल सोडलेली नाही.